तात्यांना कळेल असं इंजिनिअरिंग

आमच्या ब्रँचमध्ये दोन गोष्टी न सांगता साठत जायच्या. डेस्कटॉपवरच्या फाइल्स आणि किस्से! फाइल्स निदान कधीतरी कंटाळून डिलीट करता येतात. किस्से मात्र चार वर्षं नुसते वाढतच गेले. आता हिंजवडीत नोकरीला लागले, तरी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी डबा उघडता उघडता म्हणतंच, "ए, तुझ्या त्या कॉलेजातलं काहीतरी सांग ना!" मग मी सांगत बसते, माझी भाजी गार होते आणि बाकीच्यांचे डबे संपतात. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे मला सुखानं जेवता येईल.

तर ब्रँचचं नाव 'आयटी आणि डिजिटल मीडिया'. कॉलेज मुळशीत, पिरंगुटच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. आम्ही तिघं कायम एका बाकावर. मी फलटणची, भूगावात खोली घेऊन राहणारी. तन्वी कोथरूडची, स्कूटीवरून येणारी आणि रोज घाटातल्या ट्रॅफिकला शिव्या देत वर्गात शिरणारी. आणि ओंकार, कॉलेजच्या शेजारच्याच गावातला. त्याच्या घराच्या गच्चीवरून आमची लॅब दिसायची, तरी रोज लेक्चरला सगळ्यात उशीर त्यालाच!

ब्रँचचं नाव ऐकून नातेवाईक बुचकळ्यात पडायचे. माझ्या मामानं बराच वेळ विचार करून विचारलं, "म्हणजे टीव्ही दुरुस्ती का गं?" तन्वीच्या सोसायटीतल्या काकूंनी तर तिला मुलीच्या लग्नाचं शूटिंगच देऊन टाकलं होतं. पण आमचं हसण्यावारी जायचं. ओंकारचं तसं नव्हतं.

ओंकारचे वडील, म्हणजे तात्या. भाताची शेती, दोन म्हशी, आणि रस्त्याकडेला कंपनीतल्या कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. "दारात कंपन्या हायेत. मेकॅनिकल घे. दुपारच्याला घरी जेवाया येशील," असं त्यांचं साधं म्हणणं होतं. पोरानं भलतीच ब्रँच घेतली. तात्या ओरडले नाहीत, पण रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय शिकलास?" ओंकार घाम गाळून सांगायचा. तात्या सगळं ऐकून घ्यायचे, "बरं" म्हणायचे आणि म्हशींकडे जायचे. त्या 'बरं'ची ओंकारनं जेवढी धास्ती घेतली होती तेवढी सेमिस्टरच्या पेपरांचीही घेतली नसेल.

शेवटच्या वर्षी त्याला हैदराबादच्या एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओनं नोकरी देऊ केली. आम्ही कँटीनमध्ये नाचलो! दुसऱ्या दिवशी तो पडेल चेहऱ्यानं आला. तात्यांनी अट घातली होती. "मी कॉलेजात येनार. चार वर्सं काय शिकलास त्ये मला दाव. मला कळलं तर जा हैदराबादला. न्हाई कळलं, तर हितं कंपनीत साह्यबाशी बोलून ठिवलंय, स्टोअरला लाग."

तन्वी म्हणाली, "बापरे! त्यापेक्षा एक्सटर्नल परीक्षक परवडला!"

पुढचे किस्से वाचताना ही अट तेवढी डोक्यात असू द्या. कारण त्यातले बरेचसे किस्से या ना त्या वाटेनं तात्यांपर्यंत पोचलेले होते.

*

आता हा फ्लेक्सचा किस्सा घ्या. दुसऱ्या वर्षाला ओंकार फोटोशॉप शिकला ही बातमी गावात अशी पसरली, की वाढदिवसाचे सगळे फ्लेक्स त्याच्याकडे येऊ लागले. मुळशीत फ्लेक्स ही साधी गोष्ट नाही. मधे ज्यांचा वाढदिवस ते भाऊ, खाली शुभेच्छुकांच्या रांगा, कुणाचा फोटो मोठा आणि कुणाचा लहान यावरून वर्षभर बोलणं बंद होऊ शकतं!

ओंकार वैतागला. म्हणाला, "आपण इंजिनिअर आहोत. हाताने कशाला करायचं?" त्यानं प्रोग्रॅम लिहिला. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आत टाकायचे, प्रोग्रॅम त्यातली मुख्य आकृती ओळखणार, मागचं सगळं कापणार आणि ओळीत बसवणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. कांबळे मॅडम, म्हणजे आमच्या मीडिया लॅबच्या प्रमुख, त्यासुद्धा म्हणाल्या, "गुड वर्क!"

फ्लेक्स लागला. सकाळी अख्खं गाव चौकात. एका शुभेच्छुकानं आपल्या शर्यतीच्या बैलाशेजारी उभं राहून काढलेला फोटो पाठवला होता. प्रोग्रॅमनं प्रामाणिकपणे मुख्य आकृती ओळखली होती. मालक कापून टाकला आणि बैल ठेवला! शुभेच्छुकांच्या रांगेत, सरपंचांच्या शेजारी, सगळ्यात मोठा बैल. खाली मालकाचं नाव!

ओंकार लपून बसला. संध्याकाळी मालक घरी आलाच. ओंकार दाराआड. मालक तात्यांना म्हणाला, "तात्या, पोरगं हुशार हाय. पुडच्या वर्सी बैलाला मधी घ्या म्हनावं, भाऊ बसंल की कडंला!"

तात्यांनी त्याला चहा पाजला, तो गेल्यावर ओंकारकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्ये शिकाया चार वर्सं लागत्यात व्हय?"

*

मीडिया लॅब नवी होती, म्हणजे रिकामी होती. कॅमेरा आला, लाइट आले, हिरवा पडदा मात्र येता येत नव्हता. हिरव्या पडद्यासमोर माणूस उभा करायचा, मग कॉम्प्युटरवर हिरवं काढून टाकायचं आणि मागे काहीही दाखवायचं, असा तो प्रकार. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली तरी पडद्याचा पत्ता नाही.

ओंकार म्हणाला, "हिरवंच पाहिजे ना? मी आणतो." आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर भलंमोठं भेंडोळं घेऊन हजर. चुलत्याच्या रोपवाटिकेवरची शेडनेट! अगदी तीच ती हिरवी जाळी, रोपांना ऊन लागू नये म्हणून बांधतात ती. तिला शेणखताचा वास येत होता, पण रंग बिनतोड होता.

तन्वीला बातमीदार केलं. मागे मंगळ ग्रह दाखवायचा होता. "नमस्कार, मी मंगळावरून बोलतेय!" असं ती अशा काही रुबाबात म्हणाली की पहिल्याच टेकला आम्ही खूश. सॉफ्टवेअरनं हिरवं काढलं, लालबुंद मंगळ आला. काय दिसत होतं म्हणून सांगू! सगळी लॅब गोळा झाली.

फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. जाळीला भोकं असतात.

मॅडमनी व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. तन्वी मंगळावरच्या थंडीबद्दल बोलतेय, आणि तिच्या मागून, मंगळाच्या आतून, बारीक ठिपक्याठिपक्यांचा एक माणूस चहाचा ट्रे घेऊन शांतपणे चालला आहे! आमच्या डिपार्टमेंटचे शिपाई काका होते ते. मधेच थांबले, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि पुढे गेले.

मॅडमनी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मंगळावर पाणी आहे की नाही माहीत नाही. चहा आहे!"

*

हा छोटासा आहे. डेटा स्ट्रक्चर्सची तोंडी परीक्षा. सरांनी ओंकारला विचारलं, "क्यू आणि स्टॅकमध्ये फरक काय? उदाहरण देऊन सांग."

आदल्या दिवशी त्यानं पुस्तक उघडलंच नव्हतं. पण तो रोज पिरंगुटची बस बघणारा माणूस. म्हणाला, "सर, क्यूमध्ये जो आधी येतो तो आधी जातो. तो बसस्टॉपला असायला पाहिजे, पण आपल्याकडे नसतो."

"बरं. आणि स्टॅक?"

"स्टॅक बसच्या आत असतो, सर. शेवटी कोंबला जातो तो पहिला बाहेर पडतो!"

सरांनी पूर्ण मार्क दिले. शिवाय ते स्वतः त्याच बसनं येत असल्यामुळे, पुढच्या बॅचला हेच उदाहरण शिकवायला लागले.

*

साउंड डिझाइनच्या असाइनमेंटला शांतता रेकॉर्ड करून आणायची होती. हसू नका! सिनेमात, गेममध्ये शांततेचाही आवाज लागतो. रानातली शांतता वेगळी, खोलीतली वेगळी. मॅडमनी सांगितलं, "नैसर्गिक शांतता आणा. इंटरनेटवरून उचललीत तर मला कळेल."

मी भूगावात माझ्या खोलीवर मायक्रोफोन लावला. शेजारच्या प्लॉटवर फरशी कापायचं मशीन सुरू झालं. ते थांबलं की वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल. तन्वी मारुंजीला मावशीकडे गेली, तिथे टेम्पो, जेसीबी आणि सोसायटीचा जनरेटर. अख्ख्या तालुक्यात शांतता मिळेना! शेवटी ओंकार म्हणाला, "आमच्या वरच्या रानात चला. तिथं कुत्रं पण भुंकत नाही."

खरंच सांगते, अशी सुंदर जागा मी बघितली नव्हती. खाली भातखाचरं, लांबवर धरणाच्या पाण्याची एक चकाकती रेघ. हेडफोन लावला तर गवताची सळसळ ऐकू येत होती. मला आनंदानं रडूच यायचं बाकी होतं! मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि तोंडावर बोट ठेवून बसले.

तेवढ्यात बांधावरून एक आजोबा आले. "काय करताय पोरांनो?"

ओंकार कुजबुजला, "आबा, शांतता रेकॉर्ड करतोय."

"व्हय का? करा, करा! मी काय बोलत न्हाई," असं म्हणून आबा आमच्या शेजारी बसले आणि बोलायला लागले. "शांतता म्हंजे काय, तुमी बगितलीच न्हाई. पूर्वी हितं असं हुतं, त्या डोंगराला बोललेलं ह्या डोंगराला ऐकू यायचं. आता कुटं ऱ्हायलीया शांतता? जो त्यो आपला बोलतुया! लोकांना गप ऱ्हावतच न्हाई बगा..."

ऊन कलेपर्यंत आबा शांततेवर बोलत होते. मधे श्वास घ्यायलाही थांबले नाहीत, नाहीतर तेवढी तरी शांतता मिळाली असती. आम्ही तीच फाइल दिली. मॅडमनी ती पूर्ण ऐकली आणि खाली शेरा मारला, 'विषय योग्य. उदाहरण विरुद्ध.'

*

आता शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. शहरातल्या पोरांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा आणि त्यांना भाताची लावणी शिकवायची, अशी आमची आयडिया. चष्मा घातला की समोर खाचर, पाणी, आणि लावणी करणारी एक बाई. ती बाई कॉम्प्युटरची बाहुली, पण तिची हालचाल खऱ्या माणसाची हवी. त्यासाठी लॅबमध्ये सेन्सरचे पट्टे होते. ते हातापायांना, कमरेला, डोक्याला बांधले की माणूस हलेल तशी स्क्रीनवरची बाहुली हलते.

पट्टे बांधून तन्वी वाकली. युट्यूबवर बघून बघून तिनं लावणीची तयारी केली होती. स्क्रीनवर बाहुलीही वाकली, पण लावणी काही वाटेना. तेवढ्यात बहिणीकडे जायला निघालेली ओंकारची आई वाटेत त्याचा विसरलेला डबा द्यायला लॅबच्या दारात आली. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि हळूच मला विचारलं, "काय गं, तिचं कानातलं पडलंय का?"

ओंकारनं आईकडे बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच बघितलं. मावशी मागे सरकल्या. "मी न्हाई हां! मला न्हाई जमायचं ह्ये!"

पण जमलं! साडीवरून पट्टे बांधताना त्या लाजून हसत होत्या. "मला काय चंद्रावर धाडताय का रं?" मग मात्र पदर खोचला, हातात रोपांऐवजी आम्ही दिलेली झाडूच्या काड्यांची मूठ धरली आणि कमरेत वाकल्या, तेव्हा आम्ही सगळे स्क्रीनकडे वळलो. स्क्रीनवरची ती करडी बाहुली एका लयीत मागे मागे सरकत लावत चालली होती. मधेच डावा हात गुडघ्यावर टेकून क्षणभर थांबायची, मान वर करून लांब बघायची आणि पुन्हा वाकायची. चार वर्षांत एवढं खरं काही आमच्या हातून झालं नव्हतं. तन्वी तर ओरडलीच, "हे आहे! हेच आहे!"

मावशींनी स्क्रीनकडे वळून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "अगं बाई! मी अशी दिसती व्हय मागनं?"

जाताना दारात थांबून त्यांनी बजावलं, "ह्यांना यातलं काय सांगू नगा. कॉलेजात जाऊन नाचली म्हनत्याल." आम्ही शब्द दिला. ओंकारनं तर देवाची शपथ घेतली.

*

आणि आला तो दिवस. बाहेरून आलेले परीक्षक होते, कडक म्हणून प्रसिद्ध. आधीच्या ग्रुपमधली एक मुलगी रडत बाहेर आली होती. पालकांना बघायला बसायची परवानगी मॅडमनी मिळवून दिली होती, म्हणून शेवटच्या बाकावर इस्त्रीचा सदरा, टोपी घालून तात्या बसलेले. मांडीवर दोन्ही हात ठेवून. ओंकारला समोरच्या परीक्षकांपेक्षा तेच जास्त दिसत होते.

त्यात सकाळीच आमचा घात झाला होता. तन्वीनं बाहुलीला नेसवलेली साडी, चेहरा, केसांचा अंबाडा, सगळं असलेली फाइल उघडेचना! जुनी फाइल होती, ती लावली. तिच्यात बाहुली म्हणजे नुसती करडी आकृती. नाक नाही, डोळे नाहीत, अंगावर कपडा नाही. दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याला निदान चेहरा तरी असतो.

ओंकारनं सुरुवात केली. आर्किटेक्चरची स्लाइड झाली. मी मागे बघितलं. तात्यांचे ओठ हलले, 'बरं.' कोडिंगची स्लाइड झाली. 'बरं.' डेटाची झाली. 'बरं.' हैदराबाद स्लाइडगणिक लांब चाललं होतं.

मग ओंकारनं बाहुलीचा व्हिडिओ लावला. परीक्षकांनी थोडा वेळ बघितला आणि हात वर केला. "तुम्ही म्हणता ही हालचाल खऱ्या माणसाची वाटते. तुम्हाला वाटणारच, तुम्ही बनवलीय. तिसऱ्या कुणाला वाटते का? टेस्टिंग कुठे आहे?"

टेस्टिंग आम्ही 'शेवटी करू' म्हणून ठेवलं होतं, आणि शेवट कधी येऊन गेला ते कळलंच नव्हतं. ओंकारनं पाण्याचा घोट घेतला. तन्वी जमिनीकडे बघत होती. मॅडम खिडकीबाहेर. स्क्रीनवर ती करडी बाहुली आपली मुकाट्यानं लावणी करत मागे मागे सरकत होती.

"काहीच केलं नाही?" परीक्षकांनी पेन उचललं.

तेवढ्यात मागून बाक करकरला. तात्या उभे राहिले होते. बाहुलीनं नुकताच डावा हात गुडघ्यावर टेकला होता आणि मान वर करून ती लांब कुठेतरी बघत होती. तात्या दोन बाकांच्या मधून पुढे आले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, आणि लॅबभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ओंक्या, ही हितं कवा आलती रं?"

परीक्षकांचं पेन तसंच हातात राहिलं. "कोण आलं होतं, काका?"

"कोन म्हंजे? आमची मंडळी! ही काय समूर!" तात्यांनी त्या बिनचेहऱ्याच्या आकृतीकडे बोट दाखवलं. "मला सांगून गेलती, मारुंजीला भनीकडं जाती म्हनून!"

तात्यांनी आणखी थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. मग टोपी सारखी केली, ओंकारकडे वळले आणि म्हणाले, "तू हैदराबादचं तिकीट काढ. पर आईला आत्ता फोन करायचा न्हाई, सांगून ठिवतो. मी घरी जातो आन् इचारतो तिला, मारुंजीची भन कशी हाय म्हनून!"